शुक्रवारी न घेतलेलं नाव

कफ्र दुलब,
मार्च १९१६

ती. रिदवानदादास,
धाकट्या वस्फियाचा सलाम वि. वि.

तुझं पत्र पोचलं, वहिनींनी पाठवलेला साबणही पोचला. त्याला इतका छान वास आहे की अंगाला लावायचा सोडून मी तो कपड्यांच्या पेटीत ठेवला आहे. हे वहिनींना सांगू नकोस. वाळवलेल्या अंजिरांच्या दोन माळा मुतलककडे दिल्या आहेत. मुतलक म्हणजे मीठ घेऊन येणारा बदू, तुझ्या लहानपणी त्याचा बाप यायचा बघ. वाटेत उंटावर बसल्या बसल्या त्याने निम्मे खाल्ले तर उरलेल्यांवर समाधान मान.

आता खरी गोष्ट सांगते, हसू नकोस. थंडीच्या आधी शिपाई आले आणि गावातले बारा जण लष्करात घेऊन गेले, ते तुला कळवलंच होतं. नौफाचा नवरा दीब त्यातच गेला. लग्नाला चार महिने झाले नव्हते पोरीच्या. आता दुसरी यादी निघाली आहे आणि तीत माझा फैयाद आहे. एकोणीस पुरे झाले ना त्याला. चार असते तरी मी एक दिला नसता, आणि हा तर एकुलता एक. आठ दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

मागच्या शुक्रवारी मी नेहमीसारखी मशिदीत बायकांच्या बाजूला जाळीमागे बसले होते. हे खुत्ब्याचं प्रवचन द्यायला लाकडी पायऱ्या चढले, काठी टेकली, सगळं दर शुक्रवारसारखं म्हटलं. मग सुलतानाचं नाव घेऊन त्याच्यासाठी दुआ मागायची वेळ आली, आणि हे गप्प. दोन श्वास गेले असतील. मग पुढचं वाक्य सुरू केलं. पुरुषांत कुणाच्या लक्षातही आलं नाही, निम्मे पेंगतच असतात.

घरी आल्यावर मी विचारलं, की जीभ चावली की काय. तर म्हणाले, मुद्दाम गाळलं. यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या ज्याचं राज्य त्याचं नाव घ्यायची रीत. खलिफांचं घेतलं, मामलूकांचं घेतलं, तुर्कांचं घेतलं, मधे मिसरचा पाशा आला तेव्हा त्याचंही घेतलं. राज्य बदललं की गावाला कळायला तीन तीन महिने लागायचे, मेलेल्या सुलतानांसाठी दुआ मागून झाल्या, पण नावावाचून शुक्रवार गेला नाही. फक्त तातार आले तेव्हा गेला. त्या वेळी खुत्बा देणाऱ्या खतीबाने कुणाचंच नाव घेतलं नाही, आणि तातारांची फौज गावाच्या दोन्ही अंगांनी निघून गेली. जिथे कुणाचंच नाव घेत नाहीत ते गाव कुणालाच सापडत नाही, असं यांच्या आजोबांचं म्हणणं. मी म्हटलं, मग आजोबांनाच सांगा, येऊन फैयादला लपवा म्हणावं.

पण सोमवारी सकाळी मी आणि फैयाद छतावर धुतलेला गहू वाळत घालत होतो, तेव्हा हमा शहराच्या रस्त्याने सहा घोडेस्वार येताना दिसले. पुढे कागद हातात घेतलेला अंमलदार. पळायलाही वेळ नव्हता. दादा, ते रस्त्याच्या वळणापर्यंत आले आणि थांबले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. गावाभोवती तीन फेऱ्या मारल्या. एक जण तर आमच्या भिंतीशी आला, मला त्याच्या मिशीतले पांढरे केस मोजता आले असते. वर माझ्याकडे पाहिलं त्याने, आणि डोळे कुठेच न थांबता तसेच पुढे गेले. मग घोड्यावरून उतरला आणि आमच्या खळ्यात, उघड्या माळावर करावी तशी, खुशाल लघवी करून बसला! मी आणि माझा तरणा मुलगा दहा हातांवर उभे. मग ते गेले.

हसावं की रडावं ते कळेना, म्हणून दोन्ही केलं. पत्र फाडून टाक. वहिनींच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यांना काही सांगू नकोस. लोभ आहे तो असाच वाढता ठेव.

तुझी
वस्फिया

*

दमास्कस,
जून १९१६

चि. सौ. वस्फिया हीस अ. उ. आ.

अंजीर पोचले. सव्वा माळ. मुतलक म्हणतो की उंटाने खाल्ले.

तुझं पत्र वाचून मी बराच वेळ हसलो. शिपाई तहानलेले असतील, रस्ता चुकले असतील, किंवा शेखसाहेबांनी त्यांना आधीच गाठून दोन मेंढ्या दिल्या असतील आणि तुला आजोबांची गोष्ट सांगितली असेल. माझे मेहुणे दिसतात तितके साधे नाहीत. काही का असेना, फैयाद वाचला ना. मग तातार म्हण, जिन्न म्हण, मी मान डोलावतो.

एक मात्र सांगतो. याआधी तुला टपालाने पत्र टाकलं होतं, ते परत आलं. मी तणतणत टपालकचेरीत गेलो. कारकुनाने गावांची वही माझ्यापुढे ठेवली. आपल्या अलीकडचं गाव होतं, पलीकडचं गाव होतं. दोन्ही ओळी एकाखाली एक, मधे रेघेइतकी जागा नाही. खाडाखोड नाही, कापलेलं पान नाही. मी त्याला म्हटलं, अरे, माझी आई तिथल्या मातीत आहे. तो म्हणाला, काका, ही वही वीस वर्षांची जुनी आहे.

दुकानात येऊन खोगिराला टाके घालत बसलो आणि मनातल्या मनात घरी जायला लागलो. विहीर आली, पूल आला, वळण आलं. पुढे डावीकडे की उजवीकडे ते काही केल्या आठवेना. वय झालं म्हणायचं. बकरी ईदेला येतोच आहे, तेव्हा पायांना आपोआप आठवेल. तुझ्या वहिनीने तुझ्यासाठी कापड घेऊन ठेवलं आहे. शेखसाहेबांना सलाम, फैयादच्या पाठीत एक धपाटा. लोभ आहे, त्याला सांभाळ.

तुझा
रिदवान

*

कफ्र दुलब,
ऑक्टोबर १९१६

ती. रिदवानदादास सलाम वि. वि.

तू आला होतास. निळा पटका बांधला होतास, आणि करड्या गाढवावर दोन्ही बाजूंनी बोचकी होती. डाव्या बोचक्यातून हिरव्या कापडाचं टोक लोंबत होतं, तेच ना वहिनींनी घेतलेलं?

मी तंदूरपाशी होते. तुला वळणावर पाहिलं आणि हातातली भाकरी तशीच टाकून धावले. दादा, दादा म्हणून ओरडत मी तुझ्यापुढ्यात येऊन उभी राहिले आणि तू गाढवाला म्हणालास की गड्या, आपण कुठेतरी चुकलो. तुझ्या पटक्याला घामाचा वास होता. मी तुझी बाही धरली, तर ती माझ्या हातात आलीच नाही, जसं काही माझाच हात झोपला होता. तू उन्हात बसून कोरडी भाकर खाल्लीस. दिवसभर आसपास फिरलास. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. पुलापर्यंत मी तुझ्या जोडीने चालत आले. पुलापाशी मात्र थांबले.

का थांबले तेही सांगते. मुतलक सांगून गेला होता की बाई, पुलापलीकडे कुणाचं ना कुणाचं राज्य आहे. तिथे पाऊल टाकलंस की तू त्यांची झालीस, मग तुलाही हे गाव सापडायचं नाही. त्याचं काय, तो कुठल्याच वहीत नाही. मला ना मालक, ना मुलुख, म्हणून हसतो आणि आत-बाहेर करतो. माझा एक पाय उचललेला होता, दादा. पण मागे फैयाद होता.

आम्हाला कमी काही नाही. धान्य न्यायला कुणी आलं नाही, टोळधाड पलीकडच्या शेतांवर उतरली आणि आमच्या बांधाशी थांबली. फक्त फार शांत झालं आहे. शेजारच्या गावची अजान पूर्वी वाऱ्यावर यायची, ती येत नाही. घुमटावरचे करकोचे यंदा आले नाहीत. नौफाच्या मधमाश्या एका सकाळी उठून निघून गेल्या. माणसं एकमेकांशी बोलताना आवाज खाली ठेवतात, कुणी सांगितलेलं नाही तरी.

तुझ्या पाठीकडे बघत मी किती वेळ उभी होते ते तुला कळायला हवं म्हणून लिहिलं. रागावू नकोस.

तुझी
वस्फिया

*

दमास्कस,
फेब्रुवारी १९१७

चि. सौ. वस्फिया हीस अ. उ. आ.

पटका निळाच होता. कापडही हिरवंच. गाढवाला मी काय म्हणालो ते माझ्याशिवाय आणि गाढवाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. पत्र वाचून मी दुकान बंद केलं.

आता मी हसत नाही, तेव्हा तूही नीट ऐक. इथे माणसं रस्त्यात मरून पडताहेत. काल आमच्या बोळात एक बाई भिंतीला टेकून बसली होती, आज सकाळीही तशीच बसली होती. तू मुतलकबरोबर भरडलेल्या गव्हाचं, बुर्गुलचं पोतं पाठवलंस म्हणून आम्ही दोघं आहोत. तेव्हा तुमचं लपणं मला वाईट म्हणवत नाही.

पण माझ्या दुकानात गेले वीस दिवस नौफाचा दीब बसला आहे. सुवेझ कालव्याच्या लढाईत पाय अधू झाला म्हणून लष्कराने सोडून दिला. लंगडत लंगडत आधी गावाकडेच गेला. अकरा दिवस माळावर फिरला. म्हणतो, की भाजत्या भाकरीचा वास यायचा, तंदूरवर थाप पडल्याचा आवाज यायचा, एकदा तर नौफा गुणगुणत होती आणि मी तिच्याभोवती गोल गोल फिरत होतो. मुतलकने त्याचा हात उंटाच्या दोरीला बांधून न्यायचं करून पाहिलं. वळणाशी उंट पुढे गेला आणि दोरीचं नुसतं टोक दीबच्या हातात राहिलं. गाठ सुटली नव्हती. मी ते टोक पाहिलं आहे.

बारांतले निदान चार-पाच अजून जिवंत आहेत असं तो सांगतो. ते सुटले की कुठे जायचे? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं वागू नकोस. नौफाला हे पत्र वाचून दाखव, आणि शेखसाहेबांना सांग की शुक्रवारी ते नाव घ्या. आपण फैयादचं काहीतरी करू. मी त्याला इथे दुकानात पोत्यांमागे ठेवीन.

तुझा
रिदवान

*

कफ्र दुलब,
मे १९१७

ती. रिदवानदादास सलाम वि. वि.

पत्र यांना वाचून दाखवलं. हे दाढी कुरवाळत म्हणाले, की नाव घेतलं तर वाट सगळ्यांनाच उघडते, दीबला वेगळी आणि शिपायांना वेगळी अशी नसते. फैयाद आता त्यांच्या लेखी पळपुटा आहे. पळपुट्याला फाशी देतात. तुझ्या पोत्यांमागे किती दिवस?

नौफाला मी पत्र दाखवलं नाही.

मला माहीत होतं, दादा. तुझं पत्र यायच्या आधीपासून. हिवाळ्यात पाऊस पडून गेला की तंदूरभोवती पावलं उमटायची. एक पाऊल नीट, एक ओढलेलं. गोल गोल. नौफा ती रोज सकाळी बघायची, मला विचारायची की हा कोण लंगडा, आणि मी सांगायचे की मुतलकचा उंट असेल. उंटाला जोडा असतो का गं, असं ती एकदा म्हणाली आणि हसली. मग ती तिथे एक भाकरी ठेवायला लागली. भाकरी तशीच वाळून जायची.

आता दोन-तीन जणांची पावलं आहेत. मी पहाटे उठून ती केरसुणीने झाडून टाकते. मला काय म्हणायचं ते म्हण. तुला मूल नाही म्हणून तू असं सांगतोस, हे लिहू नये ते कळतं मला, पण लिहिते.

वस्फिया

*

दमास्कस,
ऑक्टोबर १९१८

चि. सौ. वस्फिया हीस अ. उ. आ.

दीड वर्ष मी तुला लिहिलं नाही. तुझं ते शेवटचं वाक्य मला लागलं, आणि झाडलेल्या पावलांचं त्याहून जास्त. पण आज राग बाजूला ठेवतो.

तुर्क गेले! चारशे वर्षांचं बिऱ्हाड एका रात्रीत उचललं. रस्त्यांत चाररंगी निशाणं आहेत, लोक अनोळखी माणसांचे मुके घेताहेत. सक्तीची भरती संपली, याद्या जाळल्या, पळपुट्यांना आता कुणी पळपुटा म्हणत नाही, उलट हार घालतात. फैयादला धोका नाही. शेखसाहेबांनी अरबांच्या नव्या अमीराचं नाव घ्यावं, की झालं. दीब वळणावर येऊन बसेल. आता सबब राहिली नाही, बाई.

तुझा
रिदवान

*

कफ्र दुलब,
फेब्रुवारी १९१९

ती. रिदवानदादास सलाम वि. वि.

मुतलक हिवाळ्यात उंट घेऊन पूर्वेकडे गेला होता, तुझं पत्र तीन महिने त्याच्या खोगिरात राहिलं. तेवढ्यात इथे सगळं उलटंपालटं झालं.

डिसेंबरात यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीभही गेली. समजतं सगळं, डोळ्यांतून पाणी येतं, शब्द येत नाही. खुत्बा आता गावचा कारभारी, मुख्तार अबू नायिफ वाचतो, जुन्या कागदावरून. मी तुझं पत्र घेऊन त्याच्याकडे गेले, म्हटलं, नवीन नाव घ्या. तो म्हणाला, की तीन वर्षं ना धान्याचा हिस्सा, ना शिपाई, ना अंमलदार. सुटलेल्या बैलाने आपणहून जुवाखाली मान द्यावी काय? आज हा अमीर चांगला, उद्याचा कोण? त्याचा स्वतःचा मुलगा नायिफ त्या बारांत आहे. तरीही असं म्हणाला. तो मेलाच असणार, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं आहे.

मग मी नौफाकडे गेले आणि तुझी दोन्ही पत्रं तिला वाचून दाखवली. ती ओरडेल, माझे केस धरेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, की केरसुणीने झाडलीस? पुन्हा विचारलं, रोज? मग पीठ मळायला लागली.

फैयाद दाराशी उभा होता, मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी म्हणाला, आई, बारा जण माझ्यापायी बाहेर आहेत. मी म्हटलं, तुझ्यापायी नाही, माझ्यापायी. तो म्हणाला, तेच ते. मी पाय धरले त्याचे. आईने मुलाचे पाय धरू नयेत, पण धरले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने बापाच्या हाताचा मुका घेतला आणि चालू लागला. पूल ओलांडला, मागे वळला, मला हात करायला. हात वर गेला, आणि मग त्याचे डोळे मला शोधायला लागले. मी समोर उभी होते दादा, पिवळा रुमाल बांधून, त्याला लांबून दिसावा म्हणून मुद्दाम बांधला होता. तो बराच वेळ शोधत होता. मग हात खाली आला.

तो तुझ्याकडेच येईल. त्याला पोत्यांमागे ठेवू नकोस, उजेडात ठेव. रात्री पाय उघडे टाकतो. माझ्यावरचा राग त्याच्यावर काढू नकोस.

तुझी
वस्फिया

*

दमास्कस,
ऑगस्ट १९२०

चि. सौ. वस्फिया हीस आशीर्वाद.

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. फिरवून लिहिता येत नाही म्हणून सरळ लिहितो. फैयाद गेला.

दीड वर्ष तो माझ्याजवळ होता. चांगले दिवस होते ते. टाका इतका सुबक घालायचा की गिऱ्हाइकं त्याचंच नाव घेऊन यायची. गेल्या हिवाळ्यात तुझी वहिनी तापाने गेली, तेव्हा शेवटचं पाणी तिला त्यानेच पाजलं. मार्चमध्ये अमीराचा राजा झाला. आम्ही सगळे चौकात नाचलो. चार महिने टिकलं ते राज्य. जुलैत फ्रेंचांची फौज समुद्राकडून निघाल्याची बातमी आली आणि शहरातले न्हावी, हमाल, विद्यार्थी, जो तो हाताला येईल ते घेऊन मैसलूनच्या खिंडीकडे निघाला. मी दार अडवून उभा राहिलो. तो म्हणाला, मामा, एकदा लपून झालंय माझं.

तिसऱ्या दिवशी मी आणि दीबने त्याला खिंडीतून खेचरावर आणलं. मी स्वतः त्याला आंघोळ घातली, तुझ्या वहिनीशेजारी माझ्या हातांनी मातीत ठेवलं. छातीत डाव्या बाजूला लागलं होतं, चेहऱ्याला काही नव्हतं. दीबने कबर खोदली, मला खोदू दिली नाही.

राजा गेला. आता फ्रेंच आहेत. त्यांचं नाव घ्या असं मी तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू? शेखसाहेबांना हे कानात हळू सांग. मला माफ कर, सांभाळता आलं नाही.

तुझा
रिदवान

*

कफ्र दुलब,
ऑक्टोबर १९२०

ती. रिदवानदादास सलाम वि. वि.

वहिनींचं वाचून वाईट वाटलं. तो साबण मी अजून वापरला नव्हता. दीब न सांगता तुझ्या दुकानातून उठून आला म्हणून त्याच्यावर रागावू नकोस. त्याचे पाय त्याचे राहिले नव्हते.

तुझं पत्र मला परवा मिळालं. मुतलक आत आला नाही. वळणावर त्याचा उंट बसला तो उठेना, आणि मुतलकही माझ्या मागे कुणाकडे तरी बघत होता. पत्र दगडाखाली ठेवून निघून गेला, मिठाचे पैसेही न घेता. हे पत्रही मी त्याच दगडाखाली ठेवते आहे, तिथून तरी तो नेईल.

क्रमाने सांगते. ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी अबू नायिफचा खुत्बा त्या जागेपाशी आला, जिथे कुणाचं नाव नसतं. चार वर्षांची सवय झालेली, सगळे दोन श्वास थांबतात आणि पुढे जातात. मला त्या दिवशी थांबवेना. जाळीमागून मी मोठ्याने म्हटलं, की हे अल्ला, फैयादला बळ दे आणि त्याला सुखरूप आण. सुलतानासाठी म्हणतात तेच शब्द. मशिदीत बाईचा आवाज! सगळ्या माना वळल्या. मग मी म्हटलं दीब. म्हटलं नायिफ. अबू नायिफ मला गप्प करायला उठला होता, मुलाचं नाव ऐकून तो पायरीवरच बसला. बाराही घेतली, फैयादचं धरून तेरा. नौफा माझ्याबरोबर म्हणत होती.

मंगळवारी सकाळी ते आले. हमाच्या रस्त्याने, एका ओळीत. दीब पुढे लंगडत होता आणि मागे वळून बघत नव्हता. फैयाद सर्वांत शेवटी होता. यावेळी त्याने मला लांबूनच पाहिलं.

दादा, मी आई आहे, मला काय पहिल्या दिवशी कळलं नसेल? मी त्याला जवळ घेतलं तेव्हा तो थंड होता, ऐन उन्हात. केसांत माती होती, मी ती तीन वेळा धुतली, सकाळी पुन्हा असायची. समोर ठेवलेलं अन्न बघत बसतो, खात नाही. रात्री पाय उघडे टाकत नाही आता, जसा निजवला तसाच असतो. तुझं पत्र मी त्याच्यासमोर बसून वाचलं. चेहऱ्याला काही नव्हतं असं तू लिहिलं आहेस, त्यावर मी मान वर करून बघितलं. खरंच काही नाही. डावी बाजू मी बघितली नाही, आणि बघणारही नाही.

दीब जिवंत आहे, हात गरम आहेत त्याचे. त्याने नौफाला सांगितलं, की माझ्यामागून चालत आले त्यांतल्या सातांना मी वाळूत स्वतः पुरलंय. तो दुसऱ्या दिवशीच परत निघाला होता तुझ्याकडे. पूल ओलांडून सरळ चालत गेला आणि तंदूरपाशी येऊन पोचला. तीनदा गेला. आता जात नाही. नौफा त्याचा हात धरून असते, झोपतानाही.

बाकी ते कुणाला त्रास देत नाहीत. गुरुवारपर्यंत जरा विसरायला लागतात, आपलं घर सोडून दुसऱ्याच्या दारात उभे राहतात. शुक्रवारी पहिल्या ओळीत येऊन बसतात, तोंड किंचित उघडं ठेवून, नावांची वाट बघत. नावं घेतली की पुन्हा ओळखतात. म्हणून मी चुकवत नाही. हे खाटेवरून डोळ्यांनी सांगतात की थांब, बस कर. मी मान फिरवते. तू विचारशील की सध्या तुमच्याकडे राज्य कुणाचं. तर ज्यांची नावं घेतो, त्यांचं.

तू एकटा पडलास. पाच वर्षं झाली तुझ्याशी धड बोलून, शेवटी भेटलास तेव्हाही तुला मी दिसले नाही. इथे खायला आहे, आईची कबर आहे, मी आहे. पण फसवून बोलावणार नाही. जिवंत माणसालाही ही वाट एकाच बाजूने आहे, ते दीबचं बघून तुला कळलंच. म्हणून विचारते, तुझं नाव घेऊ का? फैयाद माझ्याशेजारी बसला आहे आणि सकाळपासून तेवढं एकच विचारतो आहे, की मामा कधी येणार.

नाही म्हणालास तरी मी रागावणार नाही. फक्त उत्तर लवकर पाठव, येणाऱ्या शुक्रवारच्या आत. त्या जागेपाशी आले की माझी जीभ माझी राहत नाही. मागच्या शुक्रवारी तेरा संपल्यावर तुझं नाव ओठांवर आलं, आणि मी रुमाल तोंडात कोंबेपर्यंत त्यातलं अर्धं बाहेर पडलं होतं.

लोभ होता, आहे, त्यात खंड पडू नये, इतकंच मागते.

तुझी
वस्फिया